ब्रेकआउट रूममध्ये मुलं गप्प का होतात?

मॅडम, तुमची अडचण मला समजली ती अशी. बीकॉम प्रथम वर्षाचा लेखाशास्त्राचा संध्याकाळचा वर्ग, ३८ विद्यार्थी, बहुतेक सगळे मोबाइलवर, आणि महाविद्यालयाच्या मूडलला (अभ्यासक्रमाच्या वेबसाइटला) जोडलेलं बिगब्लूबटन हे ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर. मुख्य वर्ग ठीक चालतो. ब्रेकआउट रूम, म्हणजे छोट्या गटांच्या वेगळ्या ऑनलाइन खोल्या, काढल्या की दहा मिनिटं कुणी तोंड उघडत नाही. परत आल्यावर काहींचा आवाज गेलेला असतो, आणि दोघातिघांना दर वेळी १००७ असा आकडा दिसून माइक लागतच नाही. मुलांना गटात बोलतं कसं करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी उत्तर दुसऱ्याच टोकाकडून सुरू करतो. तुमची मुलं लाजरी असतील, पण सगळीच त्यामुळे गप्प नाहीत. त्यातली बरीचशी खोलीत शिरली तेव्हा त्यांच्याकडे माइकच नसावा, असा माझा अंदाज आहे. शिक्षकांना हे सॉफ्टवेअर शिकवताना आणि सर्व्हर सांभाळताना ‘ब्रेकआउट चालत नाही’ अशी तक्रार आली, की मी आधी चर्चेचा विषय विचारत नाही. नावांच्या यादीतली चिन्हं बघायला सांगतो.

पुढच्या तासाला तुम्हीही तेच करा. डावीकडच्या यादीत प्रत्येक नावाच्या गोलावर बारीक खूण असते. माइकची खूण म्हणजे तो बोलू शकतो, सध्या म्यूट असला तरी. हेडफोनची खूण म्हणजे तो ‘लिसन ओन्ली’ने आलाय, म्हणजे फक्त ऐकू शकतो. काहीच खूण नसेल तर त्याला तुमचा आवाजही येत नाही, नुसती स्लाइड दिसते. तास सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला मोजा. ३८ पैकी २० जणांवर हेडफोन दिसला तर तुमचं कोडं तिथेच सुटलं.

असं का होतं, ते बघा. वर्गात येताना सॉफ्टवेअर विचारतं, माइक घेऊन येता की नुसतं ऐकायला? (काही सर्व्हरवर ही निवड बंद ठेवलेली असते.) माइक निवडला की ब्राउझर परवानगी मागतो, मग एको टेस्ट होते, स्वतःचाच आवाज ऐकून ‘हो’ म्हणावं लागतं. हेडफोन निवडला की काहीच विचारलं जात नाही. मुलं साहजिकच हेडफोन दाबतात. शिकवण्याच्या तासाला त्यात काही वाईटही नाही. उलट मोठ्या वर्गात मीच तसं सांगतो, कारण सर्व्हरवर ताण कमी पडतो. ३८ जणांच्या वर्गात २० मुके आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, प्रश्नाला उत्तर देणारे पाचसहा जण नेहमीचेच असतात. पण चौघांच्या खोलीत दोघं मुके असले की उरलेल्या दोघांना वाटतं, समोर कुणी नाहीच. एक जण ‘हॅलो, आवाज येतोय का?’ म्हणतो. ज्यांना येतो त्यांना सांगता येत नाही. मग तोही गप्प.

त्यात भर म्हणजे ब्रेकआउट रूम ही एक वेगळी बैठकच असते. ती ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये उघडते आणि आवाज कसा जोडायचा हे तिथे पुन्हा विचारलं जातं. बोट सवयीने पुन्हा हेडफोनवरच जातं. म्हणून ज्या दिवशी गटकाम असेल त्या दिवशी तास सुरू होतानाच सांगून टाकायचं, आज सगळ्यांनी माइकच्या खुणेनेच यायचं, खोलीत गेल्यावरही माइकच निवडायचा. आणि सांगून थांबायचं नाही, हजेरी आवाजावर घ्यायची. नाव घेतलं की त्याने माइक उघडून आपल्या गावाचं नाव सांगायचं. ३८ जणांना सहासात मिनिटं लागतात. पहिल्या दोन तासांना ही मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटतील. तिसऱ्या तासापासून ‘मॅडम, माझा माइक चालत नाही’ हे वाक्य कमी ऐकू येतं, कारण कुणाचा काय बिघाड आहे ते तुम्हाला आधीच माहीत असतं.

आता बिघाडांकडे येतो. ते पाचसहाच असतात, पुन्हा पुन्हा तेच.

सगळ्यात जास्त दिसतो तो परवानगीचा. पहिल्या दिवशी घाईत ‘ब्लॉक’ दाबलं गेलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारतच नाही. मुलगा म्हणतो माइक खराब आहे, पण त्याच फोनवर व्हॉट्सअॅप कॉल व्यवस्थित होतो. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या चिन्हावर टिचकी मारून तिथून माइक ‘अलाउ’ करायचा आणि पान पुन्हा उघडायचं. दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या अॅपमध्ये आलेली लिंक दाबली की ती त्याच अॅपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि तिथे माइकचा भरवसा नसतो. लिंक कॉपी करून क्रोममध्ये, आयफोन असेल तर सफारीमध्ये उघडायला सांगा.

तिसरा प्रकार खास मोबाइलचा. मध्येच फोन आला, उचलला, ठेवला, की माइक फोनकडे गेलेला असतो आणि कधी कधी परत येत नाही. पडद्यावर सगळं चालू दिसतं, आवाज मात्र जात नाही. अशा वेळी म्यूट-अनम्यूट करत बसू नये. आवाजाच्या बटणावरून बाहेर पडायचं, ‘लीव्ह ऑडिओ’, आणि पुन्हा जोडायचं. दहा सेकंदांचं काम आहे. खोलीतून परत आल्यावर ज्यांचा आवाज जातो त्यांनाही हाच उपाय सांगा. मुख्य वर्गातून खोलीत जाताना इकडचा आवाज तुटतो, आणि परत आल्यावर तो कुणाचा आपसूक जोडला जातो, कुणाला बटण दाबावं लागतं. तुमच्या मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसेल. ‘परतलात की फोनचं चिन्ह बघा, निळं नसेल तर दाबा’ एवढं वाक्य मी स्लाइडवरच लिहून ठेवतो.

ब्लूटूथ इअरफोनबद्दल थोडं सविस्तर, कारण हल्ली तो प्रत्येकाच्या कानात असतो. गाणी ऐकताना तो एका पद्धतीने चालतो, त्यात आवाज एकाच दिशेने येतो आणि उत्तम येतो. माइक उघडला की तो फोन-कॉलच्या पद्धतीत उडी मारतो, आणि ऐकू येणारा आवाज एकदम बसका होतो, डब्यातून आल्यासारखा. मुलांना वाटतं तुमचा आवाज बिघडला. साधा वायरचा इअरफोन अजूनही सगळ्यात भरवशाचा. फक्त त्याचा माइक शर्टाच्या गुंडीवर किंवा ओढणीवर घासतो आणि सगळ्यांना खरखर ऐकू येते, तेवढं बघायचं.

एकाच घरात दोन फोनवरून दोन भावंडं वर्गात असली तर शीळ घुमते. एकाच्या स्पीकरमधला आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. ब्राउझर आपल्या स्वतःच्या स्पीकरचा प्रतिध्वनी कापू शकतो, शेजारच्या फोनचा नीट कापता येत नाही. अशा जोड्या मी हाताने एकाच खोलीत टाकतो आणि एकाच फोनवर बसवतो. वेगवेगळ्या खोल्यांत टाकलं तर तिसऱ्या खोलीतली चर्चा पाचव्या खोलीत ऐकू येते. हा गोंधळ मी प्रत्यक्ष पाहिलाय, आणि कारण सापडेपर्यंत अर्धा तास सर्व्हरला बोल लावत बसलो होतो.

(विषयाला सोडून एक. ब्राउझरमधली आवाज स्वच्छ करणारी यंत्रणा कुकरची शिट्टी आणि पंख्याची घरघर दाबते, आणि तंबोऱ्यालाही पंखाच समजते. सलग एकसारखा सूर म्हणजे तिच्या लेखी गोंगाट. परदेशातल्या मुलांना ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या एका बाईंना मी तासभर समजावत होतो की तुमचा तंबोरा बिघडलेला नाही. संगीताच्या तासाला ही सफाई बंद करावी लागते आणि दोन्हीकडे हेडफोन लावावे लागतात. लेखाशास्त्राला सुदैवाने तंबोरा लागत नाही.)

१००७ चा प्रकार निराळा आहे, त्यात मुलाची काही चूक नसते. त्या आकड्याचा अर्थ असा, की ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात आवाजाची वाट ठरू शकली नाही. वेबपान आणि स्लाइड एका दाराने येतात, आवाज दुसऱ्या. बिगब्लूबटन आवाजासाठी साधारणपणे यूडीपी या पद्धतीची १६३८४ ते ३२७६८ ही पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेली दारं, वापरतं. एखाद्या कार्यालयाच्या, वसतिगृहाच्या किंवा वाचनालयाच्या वायफायवर ती अडवलेली असली की स्लाइड दिसते आणि आवाज लागत नाही. खात्री करायची असेल तर त्या मुलाला वायफाय बंद करून मोबाइल डेटावर यायला सांगा. लागला तर दोष त्या वायफायचा. पण तुमचे तेच तेच विद्यार्थी दर वेळी अडकत असतील, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला नेमकं वाक्य सांगा: ‘टर्न सर्व्हर ४४३ पोर्टवर, टीएलएससह चालू आहे का ते तपासा.’ टर्न म्हणजे थेट वाट अडली की आवाज पोहोचवणारा मधला सर्व्हर, टीएलएस म्हणजे वेबपानांसारखंच सुरक्षित आवरण, आणि ४४३ म्हणजे नेहमीच्या सुरक्षित वेबपानांचंच दार, ते सहसा कुणी बंद करत नाही. ‘आवाज येत नाही’ अशी तक्रार घेऊन गेलात तर तो तुम्हाला हेडफोन बदला म्हणेल. आकडा सांगितलात तर त्याला काम करावं लागेल.

डेटाचाही हिशेब एकदा मुलांसमोर मांडा, कारण दिवसाचा डेटा संपेल या भीतीने काही जण मुद्दाम माइक घेत नाहीत. ही भीती चुकीच्या जागी आहे. आवाजाला सेकंदाला ४० किलोबिट धरले तर तासाला १८ एमबी होतात. बिगब्लूबटनच्या नेहमीच्या रचनेत सगळ्यांचे आवाज सर्व्हरवरच एकत्र कालवले जातात आणि प्रत्येकाला एकच तयार प्रवाह मिळतो. पाच जण बोलोत की पन्नास, ऐकणाऱ्याचा खर्च तेवढाच. कॅमेऱ्याचं तसं नाही, प्रत्येक चेहरा वेगळा उतरवून घ्यावा लागतो. एक कॅमेरा २०० किलोबिटचा धरला तर तासाला ९० एमबी, आठ चेहरे दिसत असतील तर ७२० एमबी. म्हणून माझा नियम ठरलेला आहे. मुख्य वर्गात कॅमेरा फक्त शिक्षकाचा, तोही पहिली पाच मिनिटं. खोलीत ज्याला हवा त्याने लावावा.

आता आवाज जुळला असं धरून खोल्यांकडे वळतो.

खोल्या काढायचं काम मॉडरेटरलाच, म्हणजे वर्ग चालवण्याचे अधिकार असलेल्यालाच, करता येतं. नावांच्या यादीवरच्या दातेरी चाकातून ‘क्रिएट ब्रेकआउट रूम्स’ निवडलं की किती खोल्या, किती वेळ, आणि कोण कुठे एवढं विचारलं जातं. वेळ आधीपासून १५ मिनिटं भरलेली असते. ३८ मुलांना मी १० खोल्या करेन, आठ खोल्यांत चौघं आणि दोन खोल्यांत तिघं. पाच जण झाले की एक हमखास प्रेक्षक होतो. दोघंच ठेवले आणि एकाचं नेटवर्क गेलं तर दुसरा रिकाम्या खोलीत बसून राहतो. ‘रँडम असाइन’ सोयीचं आहे, पण मी ते दाबून झाल्यावर हाताने दोनतीन नावं हलवतोच. आवाजाच्या हजेरीत ज्यांचा माइक चाललाच नाही ते सगळे एका खोलीत आले नाहीत ना, प्रत्येक खोलीत किमान दोन पक्के माइक आहेत ना, एवढं पाहतो. मुलांना स्वतः खोली निवडू द्यायचीही सोय आहे. पहिल्या सत्रात ती वापरू नका, मित्र मित्र एकत्र होतात आणि एकटी पडणारी मुलं मुख्य वर्गातच रेंगाळतात.

खोल्या उघडण्याआधी दोन वाक्यं सांगायचीच. पहिलं, आमंत्रण आलं की ‘जॉइन’ दाबा, नवा टॅब उघडेल. ब्राउझरने पॉप-अप अडवला अशी पट्टी आली तर परवानगी द्या. दुसरं, जुना टॅब बंद करू नका, वेळ संपली की तुम्हाला तिथेच यायचंय. मोबाइलवर टॅब डोळ्यांसमोर नसतात, त्यामुळे खोली बंद झाल्यावर बरीच मुलं ‘सत्र संपले’ असा पडदा बघून तास संपला समजतात आणि जेवायला जातात. तुमचे परत न आलेले काही जण आवाज गेला म्हणून नव्हे, तर असेच गेले असतील.

आणि काम. ‘घसाऱ्यावर गटात चर्चा करा’ हे काम नव्हे. चौघांना कुणी सुरुवात करायची, काय बोलायचं, कधी संपलं हे काहीच त्यात नाही. वर्गखोलीत तुम्ही बाकांमधून फिरता, तुमचा नुसता वावर काम पुढे ढकलतो. इथे खोलीचं दार लागलं की तुम्हाला काही ऐकू येत नाही. म्हणून दार लागायच्या आधीच काम इतकं घट्ट बांधावं लागतं की तुमच्याविना ते चालेल.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. स्लाइडवर एक चुकलेली रोजकीर्द नोंद द्या: मालकाने दुकानातला २,००० रुपयांचा माल घरी नेला, आणि कारकुनाने उचल खाते (मालकाने स्वतःसाठी घेतलेल्याचं खातं) नावे, विक्री खाते जमा अशी नोंद केली. तीन प्रश्न विचारा. चूक कुठे आहे, बरोबर नोंद काय, आणि ही चूक तशीच राहिली तर व्यापारी खात्यात विक्रीचा आकडा किती वाढलेला दिसेल. वेळ आठ मिनिटं. पंधरा दिलीत तर पहिली सात ‘कोण सुरू करतंय’मध्ये जातात. उत्तर खोलीतल्या शेअर्ड नोट्समध्ये, म्हणजे गटातल्या सगळ्यांना एकत्र लिहिता येणाऱ्या पानावर, तीन ओळींत लिहायचं. आणि सुरुवात कुणी करायची हेही ठरवून द्या. मी सांगतो, ज्याचं घर महाविद्यालयापासून सर्वात लांब त्याने स्लाइड मोठ्याने वाचायची. त्यासाठी सगळ्यांना आपापलं गाव सांगावं लागतं, त्या निमित्ताने चौघांचे माइक उघडतात, आणि एकदा उघडलेला माइक पुढे बोलतो. लिहायचं काम ज्याचं घर सर्वात जवळ त्याचं.

मुख्य वर्गात जी स्लाइड उघडी असेल ती खोलीत सोबत जाते. तेव्हा खोल्या काढताना पडद्यावर कामाचीच स्लाइड असू द्या. मी एकदा ‘धन्यवाद’ची स्लाइड तशीच ठेवून दहा खोल्या उघडल्या होत्या.

खोल्या चालू असताना तुम्ही काय करायचं? सगळ्या खोल्यांत डोकावण्याचा मोह टाळा. दहा खोल्या, जाऊन, आवाज जोडून, ऐकून परत यायला दीड मिनिट, म्हणजे पंधरा मिनिटं झाली आणि काम आठ मिनिटांचं. यादीवरून ज्या खोलीत दोनच जण पोहोचलेत तिथे आधी जा. तीनचार खोल्या पुरेत. गेलात की लगेच ‘काय, जमतंय का?’ विचारू नका, चर्चा तिथेच मोडते आणि सगळे तुम्हाला उत्तर द्यायला लागतात. माइक न उघडता अर्धं मिनिट ऐका. बोलणं चालू असेल तर तसेच बाहेर पडा. अडले असतील तर एकच इशारा द्या, ‘माल विकला गेला का? मग विक्री खातं कुठून आलं?’ आणि निघा. नव्या आवृत्त्यांत सगळ्या खोल्यांना एकदम संदेश पाठवता येतो. पाचव्या मिनिटाला ‘तीन मिनिटं राहिली, नोंद लिहायला घ्या’ एवढं पाठवलं की बास. कुणी चुकीच्या खोलीत अडकला असेल तर चालू असतानाच त्याला हलवताही येतं, वेळही वाढवता येते. पण वेळ वाढवण्याची सवय लावू नका. मुलं पहिल्या आठ मिनिटांना गंभीरपणे घेईनाशी होतात.

परत आल्यावरची पहिली दोन मिनिटं आवाज जोडण्यासाठी सोडून द्या. त्या वेळात बोलायला सुरुवात केलीत तर अर्ध्यांना ऐकू येणार नाही. मी तेवढ्यात एक पोल टाकतो, ‘जमा कोणतं खातं? विक्री, खरेदी, रोख’. पोलला आवाज लागत नाही, आणि कोण परतलंय तेही कळतं. मग दहाही गटांना बोलायला लावत नाही. दोन गट निवडतो, त्यातला एक हमखास चुकलेला. खरेदी खाते जमा हे उत्तर एकाने दिलं की बाकीच्या नऊ गटांनी तेच वाचून दाखवण्यात कुणाला रस असतो?

सगळे गट एकदम बोलतील अशी अपेक्षा पहिल्याच तासाला ठेवू नका. ज्या मुलाने बारावीपर्यंत वर्गात कधी हात वर केला नाही, त्याला अनोळखी तिघांसमोर, घरात आजूबाजूला माणसं असताना, माइकवर बोलायचंय. काहींच्या घरी वेगळी खोली नसते. त्यांना चॅटमध्ये लिहायची मुभा द्या, आणि ती मुभा आहे हे सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे गटातली मुलं चॅट बघतील. माइक नाही म्हणून गुण कापण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

शेवटी नोंदींचं. मुख्य वर्गाचं रेकॉर्डिंग चालू असलं तरी खोल्यांमधलं बोलणं त्यात येत नाही. त्या वेळात रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतता असते, म्हणून खोल्या काढताना ते थांबवून ठेवत जा. विभागप्रमुखांना गटकामाचा पुरावा लागत असेल तर बिगब्लूबटनच्या २.६ पासूनच्या आवृत्तीत खोल्या काढतानाच ‘कॅप्चर शेअर्ड नोट्स’ला खूण करता येते. खोली बंद झाली की त्या नोट्स फाइल होऊन मुख्य वर्गात येतात. तुमच्या सर्व्हरवर ती खूण दिसत नसेल तर गटाच्या लेखनिकाला परत येण्याआधी तीन ओळी कॉपी करून मुख्य वर्गाच्या चॅटमध्ये चिकटवायला सांगा. १० गट, १० संदेश, तुमची वही तयार.